सगळे डॉक्टर गावात आहेत, दिवस तेवढा एक ठरवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दुर्मीळ आजार झालेल्या एका बाळाच्या इंजेक्शनसाठी कोट्यवधी रुपयांची वर्गणी जमवली जात असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. एखादं मूल त्यामुळे उभं राहणार असेल तर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे हातभार लावायलाच हवा, आम्हीही लावला. पण अशा बातम्यांत कधीच न येणारी काही मुलं आहेत. त्यांच्या आजारावर एकच एक मोठं इंजेक्शन नाही. त्यांची औषधं बाजारात मिळतात, त्यांना लागणारे डॉक्टर शहरातच आहेत, आणि तरी त्यांची परवड होते, कारण त्या डॉक्टरांची आपसात गाठच पडत नाही. माझी नात अशा मुलांपैकी आहे. तिचं नाव लिहीत नाही. मोठी झाल्यावर आपला आजार कुणाला सांगायचा ते तिचं ती ठरवेल.

ती नऊ वर्षांची आहे आणि तिला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे. नाव ऐकून पुष्कळांना हा क्षयाचाच काही प्रकार वाटतो. क्षयाशी याचा काडीचाही संबंध नाही आणि हा कुणाला लागत नाही. नवव्या गुणसूत्रावर टीएससी-१ आणि सोळाव्यावर टीएससी-२ अशी दोन जनुकं असतात. पेशींच्या वाढीला आवर घालण्याचं काम ती मिळून करतात. त्यांतल्या एकात जन्मतःच बिघाड असला की तो आवर सुटतो आणि मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडात, डोळ्याच्या पडद्यावर, कातडीवर गाठी होतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण जिथे असतात तिथे त्रास देतात. डॉ. बूर्नव्हील या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली या आजाराचं वर्णन करून ठेवलं, म्हणजे वैद्यकशास्त्राला तो काही नवा नाही. साधारण सहा हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो असं मानतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या वर होती. उभी हयात मी कोषालयात आकडेमोड करण्यात घालवली, म्हणून मांडून पाहिलं. हे प्रमाण धरलं तर आपल्या जिल्ह्यातच अशी माणसं शेकड्यांनी निघायला हवीत. ती कुठे आहेत? कुणी फिटसाठी एका डॉक्टरकडे जात असेल, कुणी चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी दुसऱ्याकडे, कुणी लघवीतून रक्त जातं म्हणून तिसऱ्याकडे. हा सगळा एकच आजार आहे हे त्यांतल्या कितीजणांना कोणी सांगितलं असेल, देव जाणे.

आमच्याकडेही तसंच झालं. बाळ पोटात असतानाच्या सोनोग्राफीत हृदयात गाठी दिसल्या होत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, या बहुधा आपोआप लहान होत जातात, नुसतं लक्ष ठेवू. ते शब्दशः खरं ठरलं. जन्मल्यावर पाठीवर नि मांडीवर पांढरट चट्टे दिसले. त्वचेच्या डॉक्टरांनी हे कोड नाही म्हणून धीर दिला, तेही खरंच होतं. पाच महिन्यांची झाल्यावर सकाळी झोपेतून उठली की तिची मान एकदम पुढे झुकायची, दोन्ही हात बाजूला फेकले जायचे आणि क्षणात सगळं सैल पडायचं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, असं ओळीने दहा-पंधरा वेळा व्हायचं आणि मग ती केविलवाणी रडायची. दचकते म्हणून कुणी अंगारा लावायला सांगितलं, पोटात मुरडा येतो म्हणून कुणी ओवा शेकायला. माझ्या सुनेला मात्र ते पटत नव्हतं. तिने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि तो डॉक्टरांना दाखवला. वाचकांपैकी कुणाच्या घरी तान्हं बाळ अशा झटक्यांच्या माळा देत असेल तर कृपा करून हेच करा: व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. याला इन्फन्टाइल स्पॅझम्स म्हणतात. उपचाराला जेवढा उशीर होईल तेवढं मेंदूच्या वाढीचं नुकसान होतं.

तो व्हिडिओ पाहणाऱ्यांमध्ये एक तरुण निवासी डॉक्टर होते. त्यांनी बाळाला अंधाऱ्या खोलीत नेऊन जांभळ्या दिव्याखाली धरलं. उजेडात जेमतेम दिसणारे चट्टे तिथे चुन्याने रंगवल्यासारखे लखलखले. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "माताजी, इसके दिल में कभी गाँठ बताई थी क्या?" हृदय, कातडी आणि झटके या तिन्ही गोष्टी त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाने एका जागी बसून शेजारी शेजारी ठेवल्या. त्याआधीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं होतं त्यातलं काहीच चूक नव्हतं. ज्याने त्याने आपापला अवयव नीट पाहिला होता. सगळं मूल मात्र कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते निदानापुरतं नाही. निदान झाल्यावर तर खरी धावपळ सुरू होते.

या आजाराचं वेळापत्रक जगभरच्या तज्ज्ञांनी बसून ठरवलेलं आहे. २०१२ साली त्यावर एकमत झालं आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. मेंदूचा एमआरआय वयाच्या पंचविशीपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी. मूत्रपिंडासाठी पोटाचा एमआरआय तेवढ्याच अंतराने, पण जन्मभर. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं काम निदान वर्षातून एकदा. त्वचा आणि डोळे दरवर्षी, दात दर सहा महिन्यांनी, ईसीजी तीन ते पाच वर्षांनी. हृदयातल्या गाठी जाईपर्यंत इको. शिवाय वागणूक, झोप, अभ्यास, एकाग्रता यांची वर्षातून एकदा रीतसर विचारपूस. हा कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं तर मला हायसं वाटलं. काय करायचं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं. पण हे वेळापत्रक पाळायचं कुणी, याचं उत्तर आमच्या शहरात "पालकांनी" एवढंच आहे.

मी पाळते. कोषालयातल्यासारखी जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणली आणि तिच्यात रकाने आखले. अवयव, डॉक्टर, मागची तारीख, पुढची तारीख, काय सापडलं, आणि शेवटचा रकाना "कुणाला कळवायचं". हा शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला, कारण सगळं तिथेच अडतं. रक्तदाब वाढलेला दिसला तर तो मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना कळायला हवा. फिटचं औषध बदललं तर गाठींचं औषध देणाऱ्यांना समजलं पाहिजे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टीच्या कडा तपासायच्या त्या फिटच्या औषधामुळे. तिला झटक्यांसाठी दिलेलं व्हिगाबॅट्रिन या आजारात फार गुणकारी आहे, पण काहीजणांची बाजूची नजर त्याने कमी होऊ शकते. औषध एकाचं, तपासणी दुसऱ्याची आणि मधला निरोप्या म्हणजे आम्ही. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या, पेन्शन खाणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या बाईला हे जमतं. झाबुआहून पहाटेच्या बसने गंगवाल बस स्टँडवर उतरणारी मजूर बाई हा रकाना कसा भरणार? मुलाला कडेवर घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या अशा बाया मी पाहिल्या आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फिल्मांचे गठ्ठे, आणि आपल्याला नक्की कुठल्या खोलीत जायचंय हे विचारायची भीती.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. नातीच्या मेंदूतल्या एका गाठीने आकार धरायला सुरुवात केली. मेंदूतलं पाणी जिथून वाहतं त्या वाटेजवळ ती होती. तिथे गाठ वाढली की वाट बुजते, डोकं दुखतं, उलट्या होतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर जातं. पूर्वी तोच एक उपाय होता. आता एव्हरोलिमस नावाची गोळी आहे. जनुकाच्या बिघाडामुळे सुटलेला आवर ती बाहेरून घालते. या गोळीच्या घराण्याची गोष्ट मला फार आवडते. १९६४ साली कॅनडाचं एक पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं, तिथली माती घेऊन आलं आणि त्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन हे मूळ औषध सापडलं. त्यामागे होते सुरेंद्रनाथ सहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले शास्त्रज्ञ. ते ज्या औषध कंपनीत होते तिने ते काम बंद केलं तेव्हा त्यांनी त्याचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. एका माणसाने जबाबदारी आपली मानली म्हणून आज माझ्या नातीच्या डोक्यातली गाठ लहान होते आहे.

तर ही गोळी सुरू झाली, रक्तातलं तिचं प्रमाण बरोबर बसलं, सगळं ठीक चाललं होतं. थंडीत नातीला खोकला झाला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून घराजवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक आणलं, क्लॅरिथ्रोमायसिन. खोकल्यावर ते चांगलंच औषध आहे. पण यकृतात एव्हरोलिमसचा निचरा ज्या वाटेने होतो ती वाट हे औषध अडवतं. दोन-तीन दिवसांत पोरीच्या तोंडात फोड आले, ओठांच्या आत, जिभेच्या कडेला, टाळूवर. वरण-भात तोंडात घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं. गार दूध तेवढं चमच्या-चमच्याने घ्यायची, तेही एका गालात धरून, मान तिरकी करून. सकाळची गोळी देण्याआधी रक्त घेतलं, प्रमाण भलतंच वाढलेलं निघालं. गोळी थांबवली, अँटिबायोटिक बदललं आणि पोर सावरली. उलट बाजूनेही हेच होतं: फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त, सर्रास दिली जाणारी औषधं याच एव्हरोलिमसचं रक्तातलं प्रमाण खाली आणतात. म्हणजे गोळ्या चालू, खर्च चालू आणि आतून गाठ वाढते आहे, असंही होऊ शकतं. ही गोळी चालू असताना काही लशीही देता येत नाहीत. शाळेत लसीकरणाचा फॉर्म आला की सही करण्याआधी कुणाला विचारायचं? आम्ही फिटच्या डॉक्टरांना फोन करतो. ते बिचारे भले आहेत, बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतही फोन उचलतात. पण हे त्यांच्या भलेपणावर चाललेलं आहे.

एमआरआयचंही सांगायला हवं. लहान मुलं त्या नळीत स्थिर राहत नाहीत, म्हणून त्यांना गुंगी द्यावी लागते. त्याआधी चार-सहा तास उपाशी ठेवायचं, सुई टोचायची, आणि बाहेर आल्यावर ते मूल ग्लानीत रडत असतं. मेंदूचा एमआरआय एका डॉक्टरांनी सांगितला, पोटाचा दुसऱ्यांनी, आणि दोन्ही मध्ये काही आठवडे सोडून झाले. दोन वेळा उपास, दोन वेळा गुंगी आणि दोन वेळा पैसे. एकाच गुंगीत दोन्ही उरकता येतात हे आम्हाला मुंबईला गेल्यावर कळलं.

अवंतिका एक्सप्रेसने आम्ही अधूनमधून मुंबईला जातो. तिथल्या एका रुग्णालयात (नाव लिहीत नाही, जाहिरात नको) काही इमारत फार चकचकीत आहे किंवा डॉक्टर इथल्यापेक्षा हुशार आहेत असं नाही. तिथे एक सिस्टर आहेत. त्यांच्याकडे अशा मुलांची यादी असते. येण्याच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन येतो: "आजी, सोमवारी रक्त देऊन ठेवा, रिपोर्ट फोटो काढून पाठवा. मंगळवारी नऊला मेंदूवाले, अकराला मूत्रपिंडवाले, डोळे दुपारी. दोन्ही एमआरआय एका गुंगीत लावलेत. पोरीला आवडतो तो खाऊ बरोबर आणा, उठल्यावर लागेल." संध्याकाळी सगळ्या डॉक्टरांचं म्हणणं एका कागदावर येतं, खाली पुढची तारीख आणि फोन नंबर. त्या कागदावर काय बदललं, का बदललं आणि त्रास झाला तर कुठे यायचं ते लिहिलेलं असतं. पहिल्यांदा तो कागद हातात आला तेव्हा माझी सून जिन्यात बसून रडली. इतकी वर्षं ती एकटीच सगळ्यांचे निरोप पोचवत आली होती.

यातलं इंदुरात काय नाही? मेंदूचे डॉक्टर आहेत, मुलांच्या मूत्रपिंडाचे आहेत, हृदयाचे, डोळ्यांचे, त्वचेचे, मानसोपचाराचे सगळे आहेत. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरापासून यांतल्या कुणाकडेही रिक्षाने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचं एम. वाय. रुग्णालय आहे, सुपर स्पेशालिटीची वेगळी इमारत आहे. नाही ती फक्त एक व्यक्ती, जिच्या टेबलावर ही यादी असेल. आणि नाही तो एक ठरलेला दिवस, महिन्यातला एखादा शनिवार म्हणा, जेव्हा हे सगळे विभाग दुपारपर्यंत याच मुलांना पाहतील आणि मग अर्धा तास एका खोलीत बसून एकमेकांशी बोलतील.

हे आपल्या शहराला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी ग्रीन कॉरिडॉरची आठवण देते. २०१५ पासून इंदुरात अवयवदानासाठी असे कॉरिडॉर होत आले आहेत. एका कुटुंबाने होकार दिला की रात्रीतून दोन-तीन रुग्णालयं, वाहतूक पोलीस, विमानतळ आणि स्वयंसेवी कार्यकर्ते एका वेळापत्रकात बांधले जातात, आणि हृदय किंवा यकृत वेळेत रवाना होतं. चौकात थांबून मी ती अँब्युलन्स जाताना पाहिली आहे आणि अभिमानाने ऊर भरून आला आहे. तिथे कुणी म्हणत नाही की हे रुग्णालय वेगळं, ते वेगळं, कागद नातेवाइकांनी न्यावा. मग जिवंत मुलाचे सहा अवयव सांभाळायला महिन्यातून एक शनिवार का निघू नये?

सरकारकडेही याचे सांगाडे तयार आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारण्याची योजना आहे, आणि बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर एक व्यवस्थापकही असावा असं त्या योजनेत लिहिलेलं आहे. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची 'निक्षय' पोर्टलवर नोंद होते. त्याने औषध घेतलं की नाही याचा पाठपुरावा होतो, तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर नोंदही त्याच्या मागे जाते. म्हणजे एका रुग्णाचा माग कसा ठेवायचा हे सरकारी यंत्रणेला चांगलं ठाऊक आहे. कोषालयात प्रवासभत्त्याचं साधं बिलसुद्धा टोकन क्रमांकाशिवाय पुढे सरकत नसे. ते कुठल्या टेबलावर अडलंय हे बाबूला विचारलं की कळायचं. नऊ वर्षांच्या मुलीला तेवढा मान मिळावा, यापेक्षा मोठी माझी मागणी नाही.

२०२१ साली केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. मुंबईच्या केईएमसारखी उत्कृष्टता केंद्रं त्यात नेमली गेली आणि धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली गेली. चांगलंच झालं, ज्यांना ती मदत लागते त्यांना ती लवकर मिळावी. पण पैसा हा प्रश्नाचा एक भाग झाला. आमच्यासारख्यांना लागतो तो एका समन्वयक परिचारिकेचा पगार, एक टेबल, एक फोन. वर्षाकाठी तो खर्च एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या बिलात निघून जाईल. आणि हे टेबल फक्त ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या मुलांसाठी नको. डुशेन या स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजाराच्या मुलांना स्नायूंबरोबर हृदय, फुफ्फुस, पाठीचा कणा, हाडं यांची देखरेख लागते. स्टिरॉइड अचानक बंद करायचं नसतं हे त्यांच्या शाळेलासुद्धा माहीत असावं लागतं. प्राडर-विली, डाउन, एमपीएस अशा जन्मजात आजारांच्या मुलांचीही हीच गत आहे. प्रत्येकाच्या आजाराचं नाव निराळं, पण त्यांच्या आया एकाच बाकावर बसलेल्या असतात.

अजून दोन गोष्टी या टेबलावर बोलल्या जायला हव्यात, कारण बाहेर त्या बोलायला जागाच नाही.

पहिली, घरातली. निदान झालं तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, हे कुणाकडून आलं, माहेरून की सासरून? सुनेने हे निमूटपणे ऐकून घेतलं. या आजाराच्या साधारण दोन तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला बदल नव्यानेच घडलेला असतो, आई-बापांत तो नसतो. आणि ज्या घरात तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो तिथेही त्यात कुणाचा काय अपराध? फक्त तिथे पुढच्या प्रत्येक बाळाला तो असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून आई-वडिलांचीही तपासणी व्हायला हवी. हे समजावून सांगायला जनुकीय समुपदेशक लागतो. तो नसला की शेजारीपाजारी ती जागा भरून काढतात आणि बोल बाईला लागतो.

दुसरी गोष्ट शाळेची. फिट येतात हे दहातल्या आठ-नऊ मुलांत असतं आणि ते दिसतं. शाळेला दिसत नाही ते निराळंच. माझी नात कविता पाठ म्हणते, पण वर्गात बाईंनी एका दमात तीन सूचना दिल्या की तिसरी तिला ऐकूच येत नाही. वर्गातला गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसते. रात्री झोप मोडलेली असली की दुसऱ्या दिवशी चिडते. हे हट्ट नव्हेत, आजाराचाच भाग आहे, आणि बहुतेक मुलांमध्ये तो कधी ना कधी डोकं वर काढतो. मुंबईच्या त्या सिस्टरनी शाळेसाठी एक पानी पत्र तयार करून दिलं. मुलीला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, फिट आली तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. वर्गशिक्षिकेने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्या दिवसापासून शाळेतून येणारे घाबरे फोन कमी झाले.

आणि एक काळजी पुढची आहे. नात अठराची होईल तेव्हा बालरोग विभाग तिला म्हणेल, आता मोठ्यांकडे जा. मोठ्यांकडे म्हणजे कुणाकडे? या आजारात वयात आलेल्या मुलींच्या फुफ्फुसांना धोका असतो, म्हणून अठराव्या वर्षाच्या सुमारास छातीचं सीटी स्कॅन करायचं असतं. मूत्रपिंडातल्या गाठींना तर मोठेपणीच जास्त जपावं लागतं, कारण त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. लहानपणी तिला ओळखणारे सगळे एका वाढदिवसाला मागे पडतील आणि तिचा इतिहास माझ्या नोंदवहीत राहील. मी बहात्तर वर्षांची आहे. ती वही आता माझ्या कपाटात नव्हे, कुठल्यातरी दवाखान्याच्या कपाटात असायला हवी.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि जिल्ह्याचे मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी यांना माझी विनंती आहे: महिन्यातला एक दिवस ठरवा, एक समन्वयक नेमा, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात सगळ्या विभागांचा मिळून एक कागद द्या. खाजगी रुग्णालयांतले जे डॉक्टर त्या दिवशी दोन तास द्यायला तयार आहेत त्यांची नावं मी गोळा करते आहे. तिघांनी होकार दिला आहे आणि त्यासाठी काही मागितलेलं नाही.

इंदूर, देवास, उज्जैन, धार, झाबुआ, खरगोन, खंडवा, बडवानी इथल्या ज्या घरांत असं मूल आहे त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात: मुलाचं वय, आजाराचं नाव, सध्या किती ठिकाणी जावं लागतं. मराठीत, हिंदीत, कशातही चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कुणाकडून तरी लिहून घ्यावं. यादी तयार झाली की ती टंकून, क्रमांक घालून, पोच घेऊन मी स्वतः अधिष्ठातांच्या कार्यालयात देईन आणि दर सोमवारी तिची चौकशी करायला जाईन. सरकारी कचेरीत कागद कसा पुढे सरकवायचा हे मला येतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर
(नाव व पत्ता सोबत दिला आहे. नातीसाठी तो छापू नये ही विनंती.)